जुनी खुकरी कशी ओळखावी, नवी कशी घडवून घ्यावी

खुकरीबद्दल लोक पहिल्यांदा सांगतात ती गोष्ट म्हणजे म्यानातून काढली की रक्त लागल्याशिवाय परत ठेवायची नाही. ही गोष्ट खोटी आहे. नेपाळच्या डोंगरात खुकरीने दिवसभर फाटी तोडतात, भाजी चिरतात, बोकड कापतात. दुकानात कुणी ही कथा सुरू केली, तर ऐकत बसू नका. खुकरी मागून घ्या आणि पात्याची पाठ उजेडात धरा.

त्याआधी हातात धरायची रीत. म्यान डाव्या हातात घेताना बोटं पाठीच्या बाजूला ठेवा, धारेच्या बाजूने मूठ वळवू नका. जुन्या लाकडी-चामडी म्यानाची शिवण उसवलेली असते आणि उपसताना पातं तिथून बाहेर येतं. माझ्या डाव्या तळव्यावर चार टाके पडले आहेत, म्हणून हे आधी सांगतो.

नावं थोडक्यात. मूठ म्हणजे बीँड, म्यान म्हणजे दाप, मुठीजवळच्या पात्यातली खाच म्हणजे चो. म्यानाच्या मागे दोन छोटे सोबती असतात: कर्द हा लहान चाकू, आणि चकमक ही बोथट पट्टी, धार सरळ करायला आणि ठिणगी पाडायला. रुंद पोटाची ती भोजपुरे. सिरु गवताच्या पात्यासारखी अरुंद, लांब ती सिरुपाते.

आता वय ओळखणं. खरी अडचण इथेच आहे आणि सगळ्यात वाईट सल्लेही इथेच मिळतात. जुन्या नेपाळी लष्करी खुकऱ्यांवर पाठीवर किंवा मुठीजवळ देवनागरी अक्षरं कोरलेली असतात: पलटणीचं नाव, क्रमांक, कधी साल. काठमांडूच्या लगन सिलेखान्यातला जुना शस्त्रसाठा २००३ च्या सुमारास अमेरिकी व्यापाऱ्यांनी विकत घेतला, तेव्हा अशा खुकऱ्या जगभर पसरल्या. परदेशी संग्राहकांना ही अक्षरं दुसऱ्याकडून वाचून घ्यावी लागतात. आपल्याला ती सरळ वाचता येतात, आणि आपण फसतो तेही त्यामुळेच.

काठमांडूजवळच्या पाटणच्या एका दुकानात मी एक भोजपुरे हातात घेतली होती. पाठीवर स्पष्ट ‘साल १९७२’. पन्नास वर्षांचीही नाही, असं म्हणून मी ती परत ठेवली. रात्री लॉजच्या जिन्यात भिंतीवरच्या कॅलेंडरवर २०६८ साल दिसलं आणि पोटात खड्डा पडला. नेपाळ विक्रम संवतावर चालतो. ती खुकरी १९१५-१६ ची होती. सकाळी दुकान उघडायच्या आधीच जाऊन उभा राहिलो, पण ती आदल्या संध्याकाळीच विकली गेली होती. तशी दुसरी मला अजून मिळालेली नाही.

म्हणून हिशोब पाठ करा. वैशाखापासून पौषाच्या मध्यापर्यंत संवतातून ५७ वजा करायचे, पुढच्या महिन्यांत ५६. महिना कोरलेला नसेल तर एका वर्षाचा फरक गृहीत धरा. आपल्या पंचांगातला शकही डोक्यात ठेवा, कारण १९११ पर्यंतच्या नेपाळी नाण्यांवर शकाचं साल असे. आकडा १८०० च्या पुढचा दिसला तर घाईने संवत धरू नका. नेपाळी ५ आणि ८ यांचं वळणही आपल्यापेक्षा वेगळं असतं. आणि नुसता आकडा म्हणजे साल नव्हे, बहुतेक वेळा तो साठ्यातला क्रमांक असतो. ‘साल’ किंवा ‘सम्वत्’ शेजारी असेल तरच साल माना. ‘श्री’ पुढचा आकडाही वाचा: श्री ५ म्हणजे राजा, श्री ३ म्हणजे राणा पंतप्रधान. राणांची सत्ता १८४६ ते १९५१ अशी होती, एवढ्याने काळ बराच आवळला जातो.

अक्षरं दिसत नसतील तर पॉलिश पेपर लावू नका. ‘घासून लख्ख करा’ असं सांगणाऱ्यांवर माझा राग आहे, कारण त्यांचं ऐकून मी एका पाठीवरची अर्धी ओळ कायमची पुसली. वाळलेलं ग्रीस रॉकेलने आणि मऊ टूथब्रशने सोडवा, दोन-तीन दिवस लागले तरी चालेल. मग खडूची पूड बोटाने चोळा आणि अंधारात टॉर्च तिरपा धरा. अक्षरं उठून येतात.

कोरीव काहीच नसेल तर गंज बघा. ॲसिडने ‘जुनी’ केलेल्या पात्यावर खड्डे सगळीकडे सारखे असतात. खरा गंज जागा निवडतो: ओल जिथे साचली तिथे खोल, बाकी ठिकाणी फिकट. जुन्या पात्याची जाडी मुठीपासून टोकाकडे सावकाश कमी होत जाते. सिंहाच्या तोंडाची पितळी मूठ किंवा पात्यावर इंग्रजीत ‘इंडिया’ दिसलं, तर ती पर्यटकांसाठीची वस्तू आहे. पहिल्या महायुद्धातल्या, ब्रिटिश भारत सरकारच्या मार्क २ नमुन्याच्या खुकरीवर मात्र इंग्रजी सालच असतं, १९१६, १९१७ असं. तिथे काही वजा करू नका.

कागदपत्रं. शंभर वर्षांहून जुनी वस्तू नेपाळबाहेर न्यायला तिथल्या पुरातत्व विभागाची परवानगी लागते. ‘दीडशे वर्षांची आहे, कागद काही लागत नाही’ या वाक्यातला एक तरी अर्धा भाग खोटा असतो. इकडे शस्त्र नियमांत खुकरीचा नावाने उल्लेख आहे आणि ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याला ते लागू होतात. आणण्यापूर्वी पोलीस ठाण्यात जाऊन विचारा. विमानात फक्त चेक-इन सामानात.

नवी घडवून घेणं त्यामानाने सोपं आहे. पूर्व नेपाळातल्या भोजपूर किंवा धरानच्या कामीकडे म्हणजे लोहाराकडे, त्याच्या आरनात म्हणजे भट्टीवर जा. पोलाद बहुधा ट्रकच्या पाट्याचं असतं आणि ते उत्तम आहे. पातं १० ते ११ इंच सांगा, पण मग ९ इंचांचा वरचा नियम लागू होतो हे लक्षात ठेवा. मूठ सिसवाची घ्या. शिंगाची विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात तडकते. पाणी देताना समोर उभे राहा: कामी किटलीतून फक्त धारेवर पाणी सोडतो, म्हणून धार कडक होते आणि पाठ चिवट राहते. थंड झाल्यावर कानस लावून बघा. पाठीवर ती चावली पाहिजे, धारेवरून घसरली पाहिजे. धारेवरही चावली तर पुन्हा पाणी द्यायला सांगा. चांगला कामी रागावत नाही.

मूठ लाह्याने म्हणजे लाखेने बसवलेली असते, तेव्हा उन्हातल्या गाडीत ठेवू नका.

घरी शिलाई मशीनचं तेल, सरसोंचं नको, ते चिकट होतं. पावसाळ्यात पातं दापाबाहेर, मलमलीत गुंडाळून.