सुपर टाकुमार ५० एमएम एफ १.४ : काचेचा पिवळेपणा असा घालवला

लक्षण : ही पेंटॅक्स कॅमेऱ्याची जुनी लेन्स पांढऱ्या कागदावर धरली की आतून कोऱ्या चहासारखी पिवळट दिसते, रंगीत फोटोंवर पिवळी झाक येते. लेन्स क्लीनर, अल्कोहोल, मायक्रोफायबर, सगळं झालं. कोणी म्हणे कोटिंग गेलं, कोणी म्हणे बुरशी, डोकं उठलं.

डाग काचेवर नव्हताच, काचेच्या आत होता. मागच्या बाजूच्या भिंगाच्या काचेत थोरियम ऑक्साइड असतं, त्याच्या किरणोत्सर्गाने काच वर्षानुवर्षं पिवळी पडत जाते. अतिनील प्रकाशाने ती परत निवळते.

आधी पुढचा फिल्टर काढा आणि अ‍ॅपर्चर (लेन्समधलं प्रकाश आत सोडणारं छिद्र) १.४ वर, म्हणजे पूर्ण उघडं ठेवा. लेन्स अ‍ॅल्युमिनियम फॉइलवर पालथी, म्हणजे मागचं भिंग वर. त्यावर चार बोटं उंचीवरून ३६५ नॅनोमीटरचा यूव्ही (अतिनील) एलईडी दिवा सोडा. दिव्याकडे बघू नका. बॅरल (लेन्सचं बाहेरचं नळकांडं) हाताला कोमट लागलं की दिवा बंद. तापलं तर ग्रीस पातळ होऊन अ‍ॅपर्चरच्या पात्यांवर उतरतं. उन्हात ठेवायचं मी म्हणूनच टाळलं, शिवाय भिंगाने आग लागायची भीती. रोज कागदावर धरून बघा, कागद कागदासारखा दिसेपर्यंत चालू ठेवा.

फक्त कृष्णधवल फिल्म वापरत असाल तर घाई नको, कृष्णधवलसाठी लोक मुद्दाम पिवळा फिल्टर लावतात, हा फुकटचा आहे.