रात्री फ्लॅश वापरताना मागचा अंधार कसा टाळाल?

चेहरा पांढराफटक आणि मागे काळाकुट्ट पडदा. रात्रीच्या फ्लॅश फोटोंचं हे नेहमीचं दुखणं. फ्लॅश लावला की बरेचसे कॅमेरे ऑटो मोडमध्ये शटर १/६० सेकंदाच्या आसपास धरून ठेवतात. तेवढ्यात मागच्या दिव्यांचा उजेड सेन्सरपर्यंत पुरेसा पोचत नाही.

अशा फोटोत दोन वेगळे उजेड असतात. फ्लॅशचा झोत क्षणात संपतो, म्हणून शटर १/६० ठेवा नाहीतर १/१५, चेहरा तितकाच उजळतो. मागचा उजेड मात्र शटर जितका वेळ उघडं तितका वाढतो. ॲपर्चर (लेन्सचं भोक, एफ आकड्यात मोजतात) आणि आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) या दोन्ही उजेडांवर परिणाम करतात. एवढं डोक्यात बसलं की बाकीचं सोपं आहे.

मॅन्युअल मोड घ्या, फ्लॅश बंद ठेवा. एफ ४, आयएसओ ८००, शटर १/३० पासून सुरुवात करा आणि मागचं दृश्य मीटरवर साधारण एक स्टॉप (म्हणजे निम्म्या उजेडाने) कमी दिसेपर्यंत शटर बदला. मग फ्लॅश टीटीएलवर (यात कॅमेरा लेन्समधून उजेड मोजून फ्लॅशची ताकद ठरवतो) चालू करून फ्लॅश कॉम्पेन्सेशन, म्हणजे ती ताकद कमी-जास्त करायची सेटिंग, -१ ठेवा. चेहरा भगभगीत आला तर कॉम्पेन्सेशन आणखी खाली घ्या, मागचं काळं आलं तर शटर १/१५ करा. एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर कशामुळे काय झालं ते कळत नाही. उलट दिशेला मर्यादा सिंक स्पीडची, म्हणजे फ्लॅशसोबत चालणाऱ्या सर्वांत वेगवान शटरची, बहुधा १/२०० किंवा १/२५०. त्यापुढे गेलात तर फोटोच्या एका कडेला काळा पट्टा येतो.

शटर लांबलं की माणूस हलून भुतासारखी दुहेरी कड उमटते. कॅमेरा ट्रायपॉडवर लावा आणि समोरच्याला आधीच सांगा: फ्लॅश चमकला तरी हलायचं नाही. चालती गाडी किंवा नाचणारी व्यक्ती टिपताना रिअर कर्टन सिंक (शटर बंद होता होता फ्लॅश चमकतो) निवडा, म्हणजे हालचालीची रेघ मागे राहते. साध्या सेटिंगमध्ये ती पुढे येते आणि गाडी उलटी चालल्यासारखी वाटते.

अंतराचा हिशेब फारसं कुणी करत नाही. गाइड नंबर (फ्लॅशची ताकद सांगणारा आकडा) १२ असलेला फ्लॅश आयएसओ १०० आणि एफ ४ ला ३ मीटरपर्यंत पोचतो, आयएसओ ४०० ला ६ मीटर. दुप्पट अंतराला चौपट उजेड लागतो. लांबच्या रंगमंचावर फ्लॅश मारणं म्हणजे पुढच्या रांगेतली डोकी उजळणं.

खोलीत पांढरं छत असेल तर फ्लॅशचं डोकं वर वळवा. सावल्या मऊ होतात, लाल डोळेही जातात. यात सुमारे दोन स्टॉप उजेड जातो, तेवढा आयएसओ वाढवा. रंगीत छताचा रंग मात्र चेहऱ्यावर उतरतो. पिवळ्या बल्बच्या खोलीत फ्लॅशवर नारिंगी जेल (रंगीत पारदर्शक कागद) लावून व्हाइट बॅलन्स टंगस्टनला (पिवळ्या बल्बसाठीची रंगाची सेटिंग) ठेवा, नाहीतर चेहरा निळसर आणि भिंती पिवळ्या येतात.