ऑर्किडला पाणी घालताना मुळं बघा, वार नको

'आठवड्यातून दोनदा पाणी', 'दर रविवारी तीन बर्फाचे खडे' हे सल्ले विसरून जा. एप्रिलमधलं नागपूर आणि जुलैमधली रत्नागिरी यांना एकच वेळापत्रक लावलं, तर एकीकडे झाड वाळणार आणि दुसरीकडे कुजणार.

पहिलं झाड निवडताना आपल्या गावची हवा बघा. मुंबई, कोकण, गोव्यात डेंड्रोबियम या प्रकारचं ऑर्किड घ्या, त्याला उकाडा मानवतो. फॅलेनॉप्सिसला फुलांचा दांडा काढायला काही आठवडे गार रात्री लागतात. पुण्या-नाशिकच्या थंडीत त्या आपोआप मिळतात. किनारपट्टीवर त्याला दुसऱ्यांदा फुलवणं अवघड. व्हॅन्डाला भरपूर उजेड आणि उन्हाळ्यात रोज पाणी लागतं, तेवढं जमणार असेल तरच आणा. सीतेची वेणी, म्हणजे आपल्याकडचं रानातलं ऑर्किड, हवी असेल तर रोपवाटिकेत वाढवलेलीच घ्या. जंगलातल्या झाडावरून ओरबाडलेली सहसा जगत नाही, कारण सालीला घट्ट चिकटलेली तिची मुळं ओढताना तुटतात. शिवाय आपल्या सह्याद्रीतलं एक झाड कायमचं जातं ते वेगळंच.

फॅलेनॉप्सिस पूर्वेच्या खिडकीत, डेंड्रोबियम आणि व्हॅन्डा शेडनेटखाली. डेंड्रोबियमची पानं गर्द हिरवी झाली तर उजेड कमी पडतोय.

आता मुळं. माझं घोडं बरीच वर्षं इथेच अडायचं, म्हणून सविस्तर सांगतो. यातली बहुतेक ऑर्किड निसर्गात झाडांच्या फांद्यांवर वाढतात. त्यांच्या मुळांवर स्पंजासारखं आवरण असतं. ते पाऊस शोषून घेतं, आणि मग वाऱ्याने सुकतं. कोरडं मूळ चांदीसारखं राखाडी दिसतं. त्यावर पाणी ओता आणि नीट बघा: राखाडी रंगात हिरवे ठिपके उमटतात, पसरतात आणि थोड्या वेळात सगळं मूळ हिरवं होतं. हिरवं झालं की पाणी पुरे. पुन्हा राखाडी होईपर्यंत पाण्याला हात लावायचा नाही. फॅलेनॉप्सिस पारदर्शक कुंडीत ठेवायचं ते यासाठीच, मुळं बाहेरून दिसतात. पाणी सकाळी घाला. फॅलेनॉप्सिसच्या पानांच्या मधल्या खोबणीत पाणी साचलं तर लगेच कागदाने टिपून घ्या. तिथे कुजलं की झाड सहसा हातचं जातं.

दुकानातून आणलेल्या फॅलेनॉप्सिसच्या मुळांच्या मधोमध बऱ्याचदा ओल्या शेवाळाचा घट्ट गोळा असतो. वरून सगळं कोरडं दिसतं आणि आत पाणी धरलेलं असतं. फुलं गळली की तो गोळा काढाच. कोमट पाण्यात भिजवून बोटांनी हळूहळू सोडवा. मग एकेक मूळ चिमटीत धरा. टणक असेल ते ठेवा, रंग तपकिरी असला तरी. दाबल्यावर पिचकतं आणि साल निघून आतला दोरा उरतो, ते कापा. कात्री आधी ज्योतीवर तापवून गार करा. दालचिनीची पूड फक्त कापलेल्या टोकाला लावा, चांगल्या मुळांवर भुरभुरू नका, ती त्यांना सुकवते. नंतर तीन-चार दिवस पाणी नाही.

भरायला लोणारी कोळसा, विटांचे तुकडे आणि नारळाच्या सोडणाचे तुकडे. सोडण आधी दोन-तीन दिवस पाणी बदलत भिजवा, म्हणजे त्यातला क्षार आणि लाल पाणी निघून जाईल. माती नको. कोकोपीटही नको, तो भुसा मुळांची हवा कोंडतो. 'ऑर्किड मिक्स' म्हणून कोणी त्याचं पाकीट हातात दिलं तर परत करा. कुंडी बाजूने भोकं असलेली, आणि मुळं जेमतेम मावतील एवढीच. व्हॅन्डाला नुसती लाकडी टोपली पुरते, मुळं खाली लोंबू द्या.

पावसाळ्यात झाडं सततच्या धारेखालून आडोशाला घ्या. हवा खेळती हवीच.

खत १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात), लिटरभर पाण्याला अर्धा ते एक ग्रॅम, आठवड्यातून एकदा, ओल्या मुळांवर. संततधारेत बंद.

डेंड्रोबियमच्या पानं गळलेल्या जुन्या काड्या कापू नका. त्यात अन्न साठलेलं असतं आणि त्यांनाही पुन्हा फुलं येतात. काडी सुकून पिवळी, पोकळ झाली की मगच काढा. फॅलेनॉप्सिसचा दांडा हिरवा असेल तर खालून दुसऱ्या-तिसऱ्या पेराच्या वर कापा, बऱ्याचदा तिथून नवी फांदी फुटते. मात्र पानं लुळी पडली असतील तर दांडा बुडापासून काढा आणि झाडाला आधी मुळं धरू द्या.