जुन्या ओम्नीचा पत्रा घरी ठोकताय? या चुका टाळा

ओम्नीचं उत्पादन २०१९ मध्ये थांबलं, तरी शाळेची पोरं नि दुधाचे कॅन वाहणाऱ्या जुन्या ओम्न्या कोल्हापुरात अजून पळतात. अशी गाडी ठोकली की डेंटरची मजुरी ऐकूनच माणूस घरची हातोडी शोधायला लागतो. मीही शोधली. आत गेलेली डावी बाजू ठोकून सरळ केली, पुट्टी मारली, रंगही दिला. मग कळलं, सरकता दरवाजा शेवटची चार बोटं बंदच होत नाही. दरवाजा बिचारा ठीक होता, तो ज्यावर सरकतो ती खालची पट्टी पिळवटली होती. सगळं खरवडून पुन्हा पहिल्यापासून.

म्हणजे पहिली चूक मोजण्याआधी ठोकण्याची. ओम्नीचा बाहेरचा पत्रा आणि आतला सांगाडा वेल्डिंगने एकमेकांना धरून असतात, त्यामुळे धक्का आत कुठवर गेला ते वरच्या खड्ड्यावरून कळत नाही. दारांच्या फटी बघा. वर करंगळी जाते आणि खाली नखही जात नाही, तर दाराशेजारचा खांब हललाय. दोन्ही बाजूंच्या पुढच्या दारांच्या चौकटी टेपने कोपऱ्यातून कोपऱ्यात मोजा आणि ताडून बघा. या गाडीला पुढे बॉनेट नाही, चालकाचे गुडघे पुढच्या पत्र्याच्या लगेच मागे असतात. खांब, स्टीअरिंगची बैठक किंवा सीटबेल्टचा बोल्ट जिथे बसतो ती जागा वाकली असेल, तर घरचा कार्यक्रम तिथेच थांबवा आणि गाडी ओढून सरळ करण्याची सोय असलेल्या गॅरेजात न्या. विमा मागायचा असेल तर सर्व्हेअरने बघेपर्यंत हातोडी लावूच नका.

दुसरी चूक खड्ड्याच्या मधोमध घाव घालण्याची. धक्क्यात जे शेवटी वाकलं ते आधी काढायचं: कडेच्या उठलेल्या घड्या आधी, मधला खळगा शेवटी. मागे डॉली (घावाला मागून आधार देणारा लोखंडी ठोकळा) धरून हलक्या हाताने टिपत जायचं. (उद्यमनगरात ओळखीच्या लेथवाल्याकडून लोखंडाचा गोलसर तुकडा घासून घेतलात तरी काम भागतं.) जोरात हाणलं की पत्रा पातळ होऊन ताणतो, मग अंगठ्याने दाबला की तेलाच्या डब्यासारखा टक्‌टक्‌ वाजतो. असा पत्रा पुट्टीने गप्प होत नाही. तो तापवून आखडून घ्यावा लागतो, आणि ते काम सरावाच्या हाताचं.

वेल्डिंग करायचंच असेल तर आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा, आतलं रेक्झिन आणि फोम उचला. गॅस किट असलेल्या गाडीला घरी ठिणगी नकोच.

आता पुट्टी. पत्रा मूळ पातळीच्या दोन-तीन मिलिमीटरच्या आत आला नसेल तर अजून ठोकायचं बाकी आहे. पॉलिएस्टर पुट्टीत हार्डनर (ती घट्ट करणारी पेस्ट) साधारण २ टक्के, म्हणजे १०० ग्रॅमला २ ग्रॅम. लवकर वाळावी म्हणून जास्त घातला की पुढे रंगातून डाग वर येतो, कमी घातला की चिकट राहते. घासताना पाणी घेऊ नका. ही पुट्टी पाणी पिते, आणि आपल्याकडच्या जून-जुलैत ते पाणी आतच राहून रंगाला फोड आणतं. उघडा पत्रा रात्रभर ठेवला तर सकाळी गंजाची लाली दिसेल, म्हणून त्याच दिवशी प्रायमर. दाराच्या खालच्या कडेची पाणी जायची भोकं पुट्टीने बुजली नाहीत ना, तेही बघा. ठोकलेल्या पत्र्याच्या आतल्या बाजूला प्रायमर लावायला बहुतेक जण विसरतात, आणि गंज तिथूनच येतो.

पांढरा म्हणजे पांढरा असं समजून डबा आणू नका. जुना पांढरा पिवळसर झालेला असतो. सुटणारा एखादा रंगवलेला तुकडा रबिंग कंपाऊंडने घासून दुकानात न्या आणि त्यावरून शेड काढून घ्या. हार्डनर घालून मारायच्या रंगाला तोंडावरचा रुमाल चालत नाही, वाफ गाळणारा कार्ट्रिजचा मास्क लागतो.

पावसाळी हवेत एनसी (नायट्रोसेल्युलोज) रंग धुरकट पांढरा पडतो, म्हणून मी काम दिवाळीनंतर ढकललं. तेव्हा उसाची तोड सुरू झालेली. शेजारच्या रानात कुणीतरी पाचट पेटवलं आणि काळी राख गाडीच्या छताच्या ओल्या रंगावर येऊन बसली. तीन ठिपके अजून आहेत.