चोर कुलपाशी झटत बसत नाही: घराचं दार पक्कं कसं करावं

१८५१ साली लंडनच्या मोठ्या प्रदर्शनाच्या निमित्ताने आल्फ्रेड हॉब्ज नावाच्या अमेरिकन कारागिराने त्या काळी अजिंक्य समजली जाणारी दोन कुलपं किल्लीशिवाय उघडून दाखवली. चब या कंपनीच्या कुलपाने अर्ध्या तासाच्या आत मान टाकली. ब्रामा या दुसऱ्या कंपनीच्या कुलपाने मात्र त्याला १६ दिवस झुलवलं. प्रत्यक्ष काम ५० तासांहून जास्त. इतक्या तयारीच्या हाताला जिथे तास लागतात, तिथे तुमच्या दाराशी आलेला भुरटा चोर तार घालून बसेल का? तो लाथ घालतो, नाहीतर फटीत पहार सारून एक हिसडा देतो. कुलूप बंदच्या बंद राहतं. फुटतं ते चौकटीचं लाकूड.

माझं, बहिणीचं, मित्रांची अशी बरीच दारं मी आतापर्यंत उघडून बसवली आहेत. त्यातली तीन घरफोडी झाल्यानंतर. तिन्ही दारांना महागाचं कुलूप होतं आणि तिन्ही कुलपं शाबूत होती. तरीही ‘दार कसं राखावं’ असं कुणालाही विचारा, उत्तर येतं: चांगलं कुलूप घ्या. त्यावर कडी म्हणजे एकाच्या वर एक, वीतभर अंतरात, तीन कुलपं लावायचा सल्ला. तिन्ही एकाच पोचट फळीत घुसलेली असतील तर ती तिन्ही एकदमच सुटतात.

१. आधी घराला बाहेरून फेरी मारा

किल्ली हरवली आहे असं समजा आणि आत शिरायचा मार्ग शोधा. पाच मिनिटांत जो सापडेल, तिथून काम सुरू करा. बहुतेक घरांत तो समोरच्या दाराचा नसतो, मागच्या दाराचा किंवा न्हाणीघराच्या खिडकीचा असतो.

२. कुलूप

नुसत्या स्प्रिंगच्या तिरक्या जिभेवर दार सोडून जाऊ नका. ती लवचिक प्लास्टिकच्या तुकड्यानेही मागे सरकते. बाहेरून किल्लीनेच सरकणारा, निदान २५ मिलिमीटर बाहेर येणारा चौकोनी दांडा हवा. सिलिंडरचं कुलूप असेल तर सिलिंडर, म्हणजे किल्ली जाते तो गाभा, बाहेरच्या पट्टीपासून ३ मिलिमीटरपेक्षा जास्त पुढे आलेला नसावा, नाहीतर तो पकडीत धरून मोडता येतो. नव्या घरात राहायला गेलात की पहिल्याच आठवड्यात सिलिंडर बदला. जुन्या किल्ल्या किती जणांकडे फिरल्या आहेत हे आधीच्या मालकालाही आठवत नसतं.

आणि आतल्या बाजूनेही किल्लीच लागेल असं कुलूप राहत्या घराला लावू नका. रात्री आग लागली, धूर झाला, की किल्ली सापडत नाही. आतून मूठ किंवा खटका हवा.

३. चौकट: खरं काम इथे आहे

दार उघडा आणि चौकटीवरची ती छोटी धातूची पट्टी बघा, जिच्या भोकात कुलपाचा दांडा जातो. तिला स्ट्राइक प्लेट म्हणतात. तिचा एक स्क्रू काढून हातात घ्या. बहुतेक वेळा तो तुमच्या बोटाच्या एका पेराएवढाही निघत नाही. तुमचं सगळं घर या दोन स्क्रूंवर आणि त्यांच्या पुढच्या बोटभर लाकडावर उभं असतं. लाथ बसते तेव्हा तेवढाच ढलपा निघतो आणि पट्टीसकट घरात येऊन पडतो.

उपाय सोपा वाटतो: लांब, जाड पट्टी आणि ७५ मिलिमीटरचे स्क्रू, म्हणजे जोर चौकटीवर न राहता मागच्या भिंतीवर जाईल. सगळीकडे एवढंच लिहिलेलं असतं आणि ते खरंही आहे. पण ‘लांब स्क्रू मारा’ म्हणून जो लेख संपतो, तो लिहिणाऱ्याने एकही स्क्रू मारलेला नसतो. मी पहिल्यांदा नेमकं तेवढंच केलं. पट्टी ठेवली, ड्रिलने चार लांब स्क्रू करकचून आवळले, मागे सरकून खूश होऊन बघितलं. दार लावलं तर दार आणि चौकट यांच्यातल्या फटीतून जिन्यातला उजेड दिसायला लागला होता. पूर्वी तिथे नाणं सरकत नव्हतं, आता करंगळीचं टोक जात होतं.

झालं होतं असं, की चौकट आणि भिंत यांच्यामध्ये पोकळी असते. बांधताना चौकट ओळंब्यात बसवायला ही जागा सोडतात, नंतर वरून गिलावा फिरवून ती झाकतात. तुम्ही स्क्रू आवळता तेव्हा तो चौकटीला भिंतीकडे खेचतो. मागे टेकायला काही नसेल तर चौकट वाकते, दारापासून लांब जाते आणि कुलपाचा दांडा तेवढाच कमी आत शिरतो. म्हणजे पट्टी मजबूत झाली आणि पकड कमी झाली. वर फट वाढल्यामुळे पहार घालायला जागाही मीच करून दिली. दोन दिवस मी दारालाच शिव्या देत होतो.

त्यामुळे स्क्रूच्या आधी पाचर. कुलपाच्या उंचीला चौकटीवर बोटांनी ठोका. आवाज भरीव आला तर बरं. डबडब आला तर मागे पोकळी आहे. चौकटीची कडेची पट्टी अलगद उचकटा किंवा गिलाव्याची चीर उघडा, आणि चौकट नि भिंत यांच्यामध्ये कडक लाकडाच्या दोन पाचरी समोरासमोरून सारा, एक इकडून, एक तिकडून, म्हणजे दोन्ही मिळून सपाट भरीव तुकडा होतो. हाताने घट्ट बसतील एवढ्याच. हातोडीने ठोकत सुटलात तर उलटं होईल, चौकट दाराकडे फुगेल आणि दार अडकेल. पाचरी कुलपाच्या थोड्या वर, थोड्या खाली आणि मध्ये, अशा तीन ठिकाणी हव्यात. फोम फवारून पोकळी भरण्याचा सल्ला सोडून द्या. फोम वारा अडवतो, लाथ अडवत नाही.

आता खाच. नवी पट्टी लांब असते, तेव्हा पटाशीने जागा वाढवावी लागते. पट्टी ठेवून भोवती पेन्सिल नाही, सुरीच्या टोकाने रेघ ओढा. लाकडाचे धागे आधीच कापले गेले की कड फाटत नाही. पट्टी चौकटीच्या पृष्ठभागाशी सपाट बसली पाहिजे, वर नाही, खोल नाही.

दांड्याचं भोक तपासा. दार उघडं ठेवून किल्ली पूर्ण फिरवा आणि दांडा किती बाहेर येतो ते मोजा. मग दार लावून फिरवा. दोन वेळा फिरणारी किल्ली बंद दारात एकदाच फिरत असेल, तर भोक उथळ आहे आणि तुम्ही आजवर अर्ध्याच कुलपावर झोपत होतात. अशी दारं मला इतकी सापडली आहेत की आता कुणाच्याही घरी गेलो की हात आपोआप किल्लीकडे जातो. बायकोला ते आवडत नाही. भोक नेमकं कुठे हवं ते कळायला दांड्याच्या टोकाला लिपस्टिक फासा, दार लावून किल्ली फिरवा, ठसा उमटेल तिथे खोली वाढवा.

जुनी स्क्रूची भोकं नव्या भोकांच्या अगदी शेजारी येत असतील तर तशीच सोडू नका. ड्रिलचं टोक घसरून जुन्या भोकातच जातं आणि पट्टी तिरकी बसते. लाकडाच्या काड्या गोंदात बुडवून भोकात ठोका, रात्रभर वाळू द्या, सकाळी कापून सपाट करा.

मग भोक पाडा. ५ मिलिमीटर जाडीच्या स्क्रूला लाकडात आधी ३ मिलिमीटरचं भोक लागतं, कडक लाकूड असेल तर साडेतीन. आधी भोक न पाडता मारलात तर चौकट उभी चिरते, आणि चिरलेली चौकट पूर्वीपेक्षा वाईट. स्क्रूच्या आट्यांना साबण चोळा, सरकन जातो. ड्रिल अगदी सरळ न धरता भिंतीच्या मध्याकडे किंचित कललेलं धरा, नाहीतर स्क्रू गिलाव्याच्या कडेने निसटतो आणि नुसतंच कोपऱ्याचं प्लास्टर फोडतो. मागे लाकडी सांगाडा असेल तर लांब स्क्रू पुरतो. मागे वीट किंवा काँक्रीट असेल तर नुसता स्क्रू धरणार नाही. चौकटीतून आरपार जाणारा, नळीसकट येणारा लांब फास्टनर घ्या. त्यासाठी लाकूड संपेपर्यंत लाकडाचं बिट, वीट लागली की बिट बदला. आळस करून एकाच बिटने गेलात तर बिटही जाईल आणि भोकही.

आवळताना शेवटचे फेरे हाताने. ड्रिलला कळत नाही कुठे थांबायचं. प्रत्येक स्क्रूनंतर दार लावून फट बघा. वाढली तर स्क्रू मागे घ्या, पाचर वाढवा, पुन्हा. या सगळ्याला माझी एक दुपार जाते, पहिल्यांदा तुमचा अख्खा दिवस जाईल. चौकटीचं लाकूड भुसभुशीत असेल, सुरीचं टोक सहज घुसत असेल, तर मात्र वरचं काहीही करू नका. आधी वाळवीचा बंदोबस्त करा, मग चौकटच बदला. कुजक्या लाकडात पोलादी पट्टी मारण्यात अर्थ नाही.

४. बिजागरीची बाजू

दार बाहेर उघडत असेल तर बिजागऱ्या बाहेर असतात आणि त्यांची पिन ठोकून काढता येते. बिजागरीच्या दोन पानांतला समोरासमोरचा एकेक स्क्रू काढा. एका भोकात जाड लांब स्क्रू बसवा, त्याचं डोकं करवतीने उडवा आणि बोटाच्या अर्ध्या पेराएवढा खुंट बाहेर ठेवा. दार लागलं की हा खुंट समोरच्या भोकात जातो. समोरचं भोक आधी थोडं खोल आणि रुंद करून घ्या. मग पिन काढली तरी दार निघत नाही. आत उघडणाऱ्या दाराला याची गरज कमी, पण बिजागरीचे आखूड स्क्रू तेवढे लांब करून टाका.

५. खिडक्या

सरकती खिडकी बंद असली तरी पुष्कळदा वर उचलून रुळातून काढता येते. वरच्या खाचेत दोन स्क्रू असे मारा की तावदान उचललं जाणार नाही. खालच्या रुळात मापाने कापलेली काठी आडवी ठेवा. न्हाणीघराच्या काचेच्या पट्ट्या ही सगळ्यात विसरलेली जागा. त्या क्लिपमधून एकेक ओढून काढता येतात, न फोडता. आतून जाळी बसवा. गज लावत असाल तर झोपायच्या खोलीतल्या निदान एका खिडकीचे गज आतून, किल्ली न शोधता उघडले पाहिजेत. याबाबतीत मी कुणाचंही ऐकून घेत नाही.

६. बाकीचं

टायमरवरचा दिवा लावा. पायरीवर पार्सल साचू देऊ नका, शेजाऱ्यांना सांगा. किल्ली पायपुसण्याखाली, कुंडीखाली, मीटरच्या पेटीत ठेवू नका. प्रवासाचे फोटो घरी परतल्यावर टाका. बाहेरच्या दाराला लटकतं कुलूप घालून जाणं म्हणजे ‘आम्ही घरी नाही’ अशी पाटीच. शक्य असेल तर दारातच बसणारं कुलूप वापरा.

खोटा कॅमेरा लावू नका, त्याच्यावर सतत लुकलुकणारा लाल दिवाच त्याचा खोटेपणा सांगतो. खरा लावलात तर छताला नको, तिथून फक्त टोपी दिसते. चेहऱ्याच्या थोडा वर, वाटेकडे तोंड करून बसवा आणि त्याचा मूळ पासवर्ड त्याच दिवशी बदला. छोटी तिजोरी घेतलीत तर ती भिंतीला किंवा जमिनीला आतून बोल्टने जखडा. मोकळी तिजोरी म्हणजे मौल्यवान वस्तू एकत्र बांधून चोराच्या हातात दिल्यासारखं. यंत्रांचे अनुक्रमांक आणि दागिन्यांचे फोटो घराबाहेरही कुठेतरी ठेवा, तक्रार नोंदवताना आणि विम्याच्या वेळी तेच लागतं.

कधी घरी आलात आणि दार उघडं दिसलं तर आत जाऊ नका. आवाजही देऊ नका. मागे फिरा, दूर जाऊन पोलिसांना फोन करा, आणि ते येईपर्यंत कशालाही हात लावू नका. ‘बघू तरी काय गेलंय’ म्हणून आत शिरणारा माणूस एकतर ठसे पुसतो, नाहीतर आतल्याच्या वाटेत येतो.

पाऊस येऊन गेला की लाकूड फुगतं आणि पुन्हा सुकतं. तेव्हा वर्षातून एकदा पेचकस घेऊन पट्टीचे स्क्रू हाताने फिरवून बघा. अर्धा फेरा फिरला तर आवळा. नुसताच फिरत राहिला तर तिसऱ्या पायरीतलं गोंद आणि काड्यांचं काम पुन्हा काढा.