सतत हलवायच्या डेस्कटॉपला कूलर कोणता लावावा

प्रोसेसर थंड ठेवायला कूलर कोणता घेऊ म्हणून कोणालाही विचारा, उत्तर ठरलेलं: "मोठा घे, थंड राहील." मशीन एकदा टेबलाखाली ढकललं की पाच वर्षं हलणार नसेल, तर हा सल्ला चालतो. माझं मशीन आठवड्यातून दोनतीनदा घराबाहेर पडतं. कधी ठाण्याचं गडकरी रंगायतन, कधी मानपाड्याचं घाणेकर, कधी खाडी ओलांडून वाशीचं विष्णुदास भावे नाट्यगृह. एलईडी वॉलवर व्हिडिओ चालवायचे आणि कार्यक्रम लाइव्ह सोडायचा, हा माझा धंदा. (लॅपटॉप का नाही, हे सगळे विचारतात. कॅमेऱ्याचं चित्र मशीनमध्ये घेणारी दोन कॅप्चर कार्डं लॅपटॉपच्या कुठे खुपसू?)

टेम्पोतून फिरणाऱ्या मशीनच्या कूलरला पहिला प्रश्न 'किती थंड करतोस' हा नसतो. 'कशाला धरून बसलायस' हा असतो. हे मला वाशीत कळलं, कार्यक्रमाला दीड तास उरलेला असताना. ती गोष्ट तिसऱ्या पायरीत येईल.

१. प्रोसेसर किती वॅट खातो ते बघा

कूलर निवडायची सुरुवात प्रोसेसरपासून होते. एएमडीच्या रायझन ५ ७६०० चा टीडीपी, म्हणजे कंपनीने पाटीवर लिहिलेला उष्णतेचा आकडा, ६५ वॅट, प्रत्यक्षात तो ८८ वॅटपर्यंत जातो. इंटेलच्या कोअर आय५ १२४०० ची पाटीही ६५ ची, पण जोर लावला की ११७ पर्यंत. असे प्रोसेसर बुटक्या कूलरवर निभतात. कोअर आय९ १४९००के मात्र २५३ वॅटपर्यंत जातो. तो घेऊन गावभर फिरायचा हट्ट असेल तर पुढचं वाचून फारसा उपयोग नाही. दमदार रायझन आधीच घेऊन बसला असाल, तर बायोसमध्ये (मशीन चालू होताना उघडतात त्या सेटिंग्जमध्ये) ईको मोड चालू करा. वेग किंचित उतरतो, उष्णता बरीच उतरते. मे महिन्यात मंडपात एसी नसतो, हवाच पस्तीस अंशांची असते, हे धरून हिशेब करा.

२. उंची आणि वजन

उभ्या कॅबिनेटमध्ये मदरबोर्ड (पुढे नुसता बोर्ड) भिंतीसारखा उभा असतो आणि टॉवर, म्हणजे उंच कूलर, त्या भिंतीतून फळीसारखा बाहेर आलेला असतो. फळीवर टोकाला डबा ठेवला तर ब्रॅकेट उखडतं, भिंतीलगत ठेवला तर काही होत नाही. इथेही तेच. नॉक्टुआचा एनएच-डी१५ पंख्यांसकट १३२० ग्रॅमचा, १६५ मिलिमीटर उंच. त्याचा भार बोर्डापासून आठेक सेंटीमीटरवर लटकतो असं धरा. त्याच कंपनीचा एनएच-एल९ जातीचा बुटका कूलर ३७ मिलिमीटरचा, वजन साडेचारशे ग्रॅमच्या आसपास, भार दोनेक सेंटीमीटरवर. वजनाला अंतराने गुणा. बोर्डावर पडणारा ताण दहापटीहून जास्त निघतो, आणि हा मशीन नुसतं उभं असतानाचा. घोडबंदर रोडवरच्या खड्ड्यात टेम्पोचं चाक आपटतं तेव्हा हाच ताण क्षणभर कितीतरी वाढतो.

पूर्वी इंटेलने आपल्या एलजीए ११५० वगैरे सॉकेटांसाठी (सॉकेट म्हणजे बोर्डावरची प्रोसेसर बसायची जागा) कूलरच्या वजनाची मर्यादा ५०० ग्रॅम सांगितली होती. बाजारातले मोठे टॉवर ती सर्रास ओलांडतात आणि घरात बसून काही बिघडत नाही. फिरत्या मशीनसाठी मी मात्र तो ५०० चा आकडा आजही लक्ष्मणरेषा मानतो. अगदीच गरज असेल तर एका पंख्याचा, साडेसहाशे ग्रॅमच्या आसपासचा टॉवर. त्यापुढे नाही.

माझी पसंती सपाट, वरून खाली हवा मारणाऱ्या कूलरला. थर्मलराइटचा ४७ मिलिमीटरचा एएक्सपी९०-एक्स४७ किंवा त्या आकाराचा कोणताही. याचा एक फायदा दुकानात कोणी सांगत नाही. टॉवरचा पंखा बहुतेक तारेच्या क्लिपांवर अडकवलेला असतो, आणि ती क्लिप प्रवासात निसटली की पंखा थेट ग्राफिक्स कार्डावर जाऊन पडतो. सपाट कूलरचा पंखा सहसा स्क्रूने आवळलेला असतो. घेण्याआधी तुमची रॅम किती उंच आहे ते मोजा. सपाट कूलर रुंद असेल तर दिव्यांची झगमग असलेली उंच रॅम त्याखाली मावेलच असं नाही.

३. पकड

इथे थांबा. बाकीच्या पायऱ्या चुकल्या तर पंखा आवाज करेल, ही चुकली तर मशीन बंद पडेल.

जुलैतली गोष्ट. ठाणे-बेलापूर रस्त्याने वाशीला पोचलो, साडेपाचला मशीन चालू केलं. पंखा एकदम किंचाळायला लागला आणि दोन मिनिटांत मशीन बंद. पुन्हा चालू, पुन्हा बंद. मी एसएमपीएसवर (मशीनला वीज पुरवणाऱ्या डब्यावर) संशय घेतला, प्लग बदलला, जनरेटरवाल्या पोराशी विनाकारण भांडलो. शेवटी बाजूची काच काढली. कूलर दोनच खुंट्यांवर लोंबत होता, आणि वरच्या कडेला त्याच्या आणि प्रोसेसरच्या मध्ये नख जाईल एवढी फट. प्रोसेसर तापून स्वतःला वाचवायला बंद पडत होता, बिचाऱ्याचा काही दोष नव्हता. खुंट्या आहे तिथेच दाबून बसवल्या, काच काढलेली ठेवली, आणि कार्यक्रमभर एक डोळा तापमानावर ठेवून काम उरकलं.

दोष माझा होता. चारपैकी एक खुंटी मी अर्धवट बसवली होती. घरातल्या लादीवर तीन महिने ती टिकली. रस्त्यावर तिने जीव सोडला आणि शेजारणीलाही घेऊन गेली.

तर कूलर बोर्डाला धरायचे तीन प्रकार.

पहिला, प्लास्टिकच्या खुंट्या. चार खुंट्या बोर्डाच्या भोकांतून आरपार जातात, मधली काळी काडी दाबली की पाय फाकतात आणि अडकतात. मागे आधाराला काहीच नसतं. एका जागी राहणाऱ्या मशीनला चालतं. फिरत्या मशीनला खुंट्यांचा कूलर लावू नका, फुकट मिळाला तरी. "व्यवस्थित दाबून बसवला की काही होत नाही," असं सांगणारे भेटतील. त्यांनी मशीन टेम्पोत कधी चढवलंय का, ते विचारा. आत्ता हातात तोच असेल आणि उद्याच निघायचं असेल, तर एवढं तरी करा: खुंटीच्या डोक्यावरचा बाण काढायची दिशा दाखवतो, बसवायची नव्हे. मी अनेक महिने उलटंच समजत होतो. खुंट्या समोरासमोरच्या जोडीने दाबा, प्रत्येकीचा 'टक्' ऐकू आला पाहिजे. मग बोर्डाची मागची बाजू बघा. चारही भोकांत फाकलेल्या पायांच्या मधोमध काळी काडी दिसायला हवी. तीन दिसल्या म्हणजे तीनच बसल्यात.

दुसरा, आकड्याचा, म्हणजे हुकचा. एएमडीच्या बोर्डावर सॉकेटच्या दोन बाजूंना प्लास्टिकच्या पट्ट्या असतात, त्यांच्या कानांत कूलरचा आकडा अडकवून खटका दाबायचा. खुंट्यांपेक्षा बरा, कारण त्या पट्ट्या मागच्या धातूच्या पाट्याला स्क्रूने बांधलेल्या असतात. पण सगळा भार शेवटी दोन प्लास्टिकच्या कानांवर. जड कूलरला मी यावर भरवसा ठेवणार नाही.

तिसरा, मागे बॅकप्लेट, म्हणजे धातूचा पाटा, आणि पुढून स्क्रू. हाच घ्यायचा. कूलर आणि पाटा यांच्यामध्ये बोर्ड सँडविचसारखा धरला जातो आणि धक्का चारही कोपऱ्यांत वाटला जातो. घेताना खोक्यात काय काय आहे ते वाचा. इंटेलच्या बोर्डावर कूलरसाठीचा पाटा आधीपासून नसतो, तो कूलरच्या खोक्यातच यायला हवा. एएमडीच्या बोर्डावर असतो. मात्र एएम४ (एएमडीचं जुनं सॉकेट) बोर्डावर पुढच्या प्लास्टिक पट्ट्या सोडवल्या की मागचा पाटा सुटून धप्पकन खाली पडतो, म्हणून मागे एक हात धरून ठेवा. त्यानंतरच्या एएम५ मध्ये तो सॉकेटलाच जोडलेला असतो, पडत नाही.

स्क्रू आवळताना एक पूर्ण आवळून मग दुसऱ्याकडे जाऊ नका. प्रत्येकाला दोनतीन वेढे द्या, मग तिरक्या कोपऱ्यातला, मग पुन्हा पहिला. बहुतेक चांगल्या कूलरांचे स्क्रू एका जागी आपोआप थांबतात. थांबले की थांबा. "अजून थोडं घट्ट" करायला गेलात तर बोर्ड वाकतो.

आता परीक्षा. कूलर बोटांत धरून अगदी हलका पिळून बघा. बोर्डही किंचित सोबत हलला तर पकड चांगली. कूलर एकटाच पेस्टवर (प्रोसेसर आणि कूलर यांच्यामध्ये लावतात ती, उष्णता पोचवणारी) फिरला तर पकड ढिली, सगळं उघडून पुन्हा बसवा. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या दुकानातून नवं मशीन जोडून आणलं असेल तरी ही परीक्षा घरी आल्यावर कराच.

काढायची वेळ आली तर एएम४ वाल्यांनी सांभाळा. त्यात पिना प्रोसेसरलाच असतात, आणि थंड, चिकट पेस्टमुळे कूलरसोबत प्रोसेसरही सॉकेटमधून उपटून येतो. आधी मशीन दहा मिनिटं चालवून पेस्ट गरम करा, मशीन बंद करा, कूलर डावीउजवीकडे पिळत सोडवा, मगच उचला.

आणि हो, "प्रत्येक प्रवासाआधी कूलर काढून ठेवा" हाही सल्ला मिळेल. दीड किलोच्या टॉवरसाठी तो खराही आहे. पण दरवेळी पेस्ट पुसा, नवी लावा, चार स्क्रू आवळा, हे तिसरी घंटा व्हायच्या आधी रंगमंचामागच्या अंधारात करून बघा. म्हणूनच काढावा लागणार नाही असा कूलर घ्यायचा.

४. लिक्विडचं काय?

लिक्विड कूलरमध्ये पंप नळ्यांतून द्रव फिरवतो. बोर्डावर फक्त छोटा पंप-ब्लॉक बसतो आणि द्रव थंड करणाऱ्या रेडिएटरचा भार कॅबिनेट उचलतं, म्हणून लिक्विड कूलर प्रवासाला उत्तम, असं म्हणतात. वजनापुरतं ते बरोबर आहे. पण पंप बंद पडला तर वाशीत संध्याकाळी सहाला दुसरा कुठून आणणार? पंखा बंद पडला तर कोणताही १२ व्होल्टचा पंखा दोरीने बांधून वेळ मारून नेता येते. गळती क्वचित होते, पण झाली तर थेंब ग्राफिक्स कार्डावर पडतात. तरीही घेणार असाल तर रेडिएटर असा बसवा की पंप सगळ्यात उंच जागी येणार नाही. आतली हवा वर जाते, आणि ती पंपात अडकली तर पंप खडखडतो.

५. नेताना

कॅबिनेट आडवं, बोर्डाची बाजू खाली, काच वर. असं ठेवलं की कूलर बोर्डावर उभा राहतो, लटकत नाही. टेम्पोवाला ते उभंच ठेवायला जाईल, "जागा होत नाही साहेब" म्हणेल. ऐकू नका. खाली जुनी गोधडी. पावसात मोठी प्लास्टिकची पिशवी. जड ग्राफिक्स कार्ड काढून वेगळं न्या. कूलरभोवती फोमचे तुकडे कोंबत असाल, तर काचेवर बाहेरून मोठ्या अक्षरांत चिठ्ठी चिकटवा: फोम काढल्याशिवाय चालू करू नये. एसी गाडीतून दमट हवेत आणलं असेल तर अर्धा तास तसंच राहू द्या.

६. पोचल्यावर

चालू करायच्या आधी मोबाइलचा टॉर्च मारून कूलरच्या चारही कोपऱ्यांत डोकवा. एकीकडे फट जास्त दिसते का? बोटाने पंखा फिरवा, वायर पात्यात येत नाही ना? मग थेट बायोसमध्ये जा आणि तापमान बघत उभे राहा. चाळीस-पन्नासच्या आसपास रेंगाळलं तर पुढे चला. पहिल्याच मिनिटात ऐंशी ओलांडलं तर बटण दाबून बंद करा आणि काच उघडा. जनरेटरवाल्याशी भांडू नका.

माझ्या बॅगेत फिलिप्सचा लांब स्क्रूड्रायव्हर, पेस्टची अर्धी ट्यूब आणि टिश्यू कायम असतात. कॅबिनेटच्या आत मास्किंग टेपवर कूलर शेवटचा कधी बसवला ती तारीख लिहिलेली असते. वाशीची ती तारीख टेपवर सगळ्यात वर आहे. तिच्याखाली अजून एकच तारीख आहे, बॅकप्लेटवाला कूलर बसवला त्या दिवसाची.