मायाव्याचं बिंग गोष्टीत कसं फोडावं

मायावी वेष पालटून घरात शिरतो, तिथवर बहुतेकांची कथा छान जमते. गाडी अडते ती बिंग फुटताना. नायकाला अचानक स्वप्न पडतं, नाहीतर कुणी साधू येऊन सगळं सांगून टाकतो, आणि आपल्याला लेखकानेच फसवलं असं वाचकाला वाटतं. म्हणून पुराणकथेच्या वळणाची फँटसी लिहिताना उलटीकडून सुरुवात करा. बिंग फुटण्याचा प्रसंग आधी लिहा, मग मागे जाऊन त्याच्या खुणा पेरा.

आधी नियम ठरवा

रूप कितीही हुबेहूब असो, मायाव्याला एक गोष्ट जमत नाही. ती कोणती, हे एका वाक्यात लिहून समोर ठेवा. महाभारताच्या वनपर्वात दमयंतीच्या स्वयंवरात इंद्र, अग्नी, वरुण आणि यम नळाचं रूप घेऊन बसतात. तिच्यासमोर पाच नळ. देवांना घाम येत नाही, त्यांची पापणी लवत नाही, माळ कोमेजत नाही, अंगावर धूळ बसत नाही, पाय जमिनीला टेकत नाहीत. देवांच्या खुणा असतात हे दमयंतीने वडीलधाऱ्यांकडून आधीच ऐकलेलं आहे. खरी बारकाई पुढे आहे: समोरच्या पाचांत तिला एकही खूण दिसत नाही! नळालाच मनाने वरलं आहे या आपल्या सत्याची ती आण घालते, तेव्हाच देव आपल्या खुणा प्रकट करतात. नियम नुसता ठाऊक असून भागत नाही, तो उघड करायला नायिकेला स्वतःचं काहीतरी पणाला लावावं लागतं.

नियम शरीराशी किंवा हाताच्या रोजच्या कामाशी जोडलेला ठेवा. ‘त्याच्या मनात माया नसते’ असला नियम चालत नाही, कारण तो कुणाला दिसत नाही.

खुणा पेरताना

समजा, मायावी आत्याचं रूप घेऊन वाड्यात आला आहे. नियम असा: त्याला कुठलीही गाठ सोडता येते, मारता येत नाही. कथा ५००० शब्दांची असेल तर तीन खुणा पुरतात. त्या साधारण ८००, २००० आणि ३३०० शब्दांवर येऊ द्या, बिंग ४००० च्या सुमारास फोडा आणि उरलेले हजार शब्द परिणामांसाठी राखा.

पहिली खूण: आत्याचा बटवा उघडाच राहतो आणि सुपारी ओसरीभर सांडते. दुसरी: वासरू बांधायच्या वेळी ती दावं गड्याच्या हातात देते. तिसरी: एरवी पदराच्या टोकाला बांधलेली कोठीची किल्ली आता कमरेला नुसती खोचलेली असते. प्रत्येक वेळी तिथल्या तिथे दुसरं साधं कारण द्या. हात थरथरतात, बोटांचे सांधे धरलेत, पदर फाटलाय. कारण दिलं नाही, तर वाचक लगेच खुणेवर बोट ठेवतो.

खूण कुठे ठेवता यालाही महत्त्व आहे. परिच्छेदाच्या शेवटी आलेलं वाक्य लक्षात राहतं, म्हणून तिथे खूण नको. सुपारी सांडली, एक खांड घरंगळत मोरीत गेलं आणि त्यावरून दोन पोरांची जुंपली, असं लिहा. वाचक भांडणाकडे बघत राहतो. चौथी-पाचवी खूण घालायचा मोह होतो, तो आवरा. चाणाक्ष वाचकाला सगळं आधीच कळतं आणि नायिका मात्र उगाच मठ्ठ ठरते.

बिंग फुटतं तेव्हा

पारख नायिकेने स्वतः करावी, आणि तीही घरातल्या रोजच्या कामातून:

भाचीने मनगट पुढे केलं. “आत्या, दोरा सुटलाय. नेहमीसारखा तूच बांध ना.” आत्याने काळा दोरा घेतला. एक वेढा, दुसरा वेढा, टोक टोकाखालून गेलं. ओढलं, तसा दोरा सरळ होऊन जमिनीवर पडला. तिने पुन्हा उचलला. ओसरीवर कुणीच बोलत नव्हतं.

इथेच थांबा. ‘तू माझी आत्या नाहीसच!’ हे वाक्य लिहिलंत की गेल्या चार हजार शब्दांची मेहनत वाया गेली. मायाव्याला खुलासा करायचाच असेल, तर त्याला दोन वाक्यांपेक्षा जास्त देऊ नका.

सोंग दरवेळी चुकीमुळेच उघडं पडतं असं नाही, गुणामुळेही पडतं, आणि ते जास्त चटका लावतं. परशुराम कर्णाच्या मांडीवर डोकं ठेवून झोपलेले असताना किडा त्याची मांडी पोखरतो. गुरूंची झोप मोडू नये म्हणून कर्ण हलत नाही. शेवटी रक्ताच्या स्पर्शाने परशुराम जागे होतात. इतकी वेदना सोसणारा ब्राह्मण असूच शकत नाही, हे त्यांना तिथेच कळतं. त्याच्या मनातली गुरुभक्ती खरी होती, तिनेच त्याचं खोटं उघडं पाडलं.

उशीर किती करावा, याचं माप राहूच्या कथेत आहे. सूर्य-चंद्र त्याला ओळखतात तोवर अमृत गळ्यापर्यंत पोचलेलं असतं. एक घोट आधी ओळखला असता तर तो मेला असता, ग्रहणंही झाली नसती. तुमच्या कथेतही बिंग फुटेपर्यंत मायाव्याच्या पदरात काहीतरी पडलेलं असू द्या.

मायाव्याने स्वतःच सगळं सांगितलेलं क्वचितच शोभतं. नॉर्स म्हणजे जुन्या स्कँडिनेव्हियन पुराणकथेत उटगार्डचा राजा थॉर या देवाला मायेने पैजांत हरवतो आणि दुसऱ्या दिवशी गडाबाहेर नेऊन सांगतो की तू प्यालास त्या शिंगाचं टोक समुद्रात होतं, आणि तुला गुडघ्यावर आणणारी म्हातारी म्हणजे साक्षात वार्धक्य. हा खुलासा चालतो, कारण त्याने थॉरची हार लहान होते आणि त्याची ताकद थरकाप उडवणारी वाटते. थॉर हातोडा उगारतो तोवर गड नाहीसा झालेला असतो.

शेवटची तपासणी

ड्राफ्ट दोन-तीन जणांना द्या, पण बिंगाच्या आधीच्या पानापर्यंतच. संशय कुणावर आहे आणि का, ते विचारा. सगळ्यांनी आत्याचं नाव घेतलं तर पहिली खूण सौम्य करा. कुणीच घेतलं नाही तर तिसरी थोडी ठळक करा, म्हणजे किल्ली एकदा जमिनीवर पडू द्या.